न ऐकलेल्या पाखराचा दाखला

माझा धाकटा भाऊ पाखरू ऐकण्याचा पगार घेत असे. हसू नका, सरकारी नोकरी होती. एका दुर्मिळ पाखरासाठी दलदलीत एक यंत्र बसवलेलं. त्यात भरलेले आवाज तो आमच्या मागच्या खोलीत हेडफोन लावून ऐके आणि वर्षअखेरीस फॉर्मवर लिही: 'ऐकू आला' किंवा 'ऐकू आला नाही'. कायदा सरळ होता. सलग दहा वर्षं आवाज नाही, तर पाखरू संपलं असं धरायचं, दलदलीचं संरक्षण काढायचं, भराव घालायचा. 'नाही'चे नऊ फॉर्म गेले होते. कचेरीत त्याला कौतुकानं 'कान' म्हणत.

दहाव्या वर्षी हेडफोन बिघडला. नवा स्पीकर जोडून बघायला त्यानं गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावलं. मी दारातूनच म्हणाले, "किती बारीक ओरडतंय रे."

त्यानं वळून पाहिलं. "कोण?"

बारीक आवाज त्याला ऐकूच येत नव्हते. कधीपासून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग मी त्याला सगळी वर्षं क्रमानं लावायला लावली. आधी दोन पाखरं होती; एक हाक मारी, दुसरं ओ देई. चौथ्या वर्षापासून एकच. ते हाक मारायचं, ओ यायला लागेल तेवढाच वेळ गप्प राहायचं, पुन्हा हाक मारायचं. त्या गप्प वेळाची मला भीती वाटू लागली.

"जुने फॉर्म बदलून घे."

"बदलत नाहीत, ताई. सही झाली की कायद्याला तेच खरं. यंदाचा तेवढा हातात आहे."

यंदाचं रेकॉर्डिंग मी तीन दिवस ऐकलं. तो माझ्या तोंडाकडे बघत बसलेला. वारा, पाणी, बेडूक. पाखरू नाही. तसं सांगून टाकलं. खोटं मला जमत नाही.

त्यानं पेन उघडलं आणि लिहिलं: 'ऐकू आला. एकविसावा तास, सोळावं मिनिट.'

"तुला कसा ऐकू आला?"

"नऊ वर्षं न ऐकता सही केली, तेव्हा नाही विचारलंस."

पंधरवड्यानं तपासनीस बाई आल्या. तरुण, कान तपासल्याचा ताजा कागद सोबत. त्यांनी नेमकं तेच मिनिट लावलं आणि डोळे मिटले. भाऊ आता त्यांच्या तोंडाकडे बघत होता. गेली नोकरी आणि गेली दलदल, मी मनात म्हटलं.

"आहे की," बाई म्हणाल्या. "खूप लांबून येतंय. दोन आहेत."

सही करून त्या गेल्या. दलदल वाचली. मी ते मिनिट सात वेळा लावलं. वारा होता.

"काय म्हणतंय?" भावानं विचारलं.

"दोन आहेत, म्हणाल्या ना बाई," मी म्हटलं आणि स्पीकर बंद केला.