गणपतीशी भांडायला निवडलेला बुधवार

त्या उन्हाळ्यात मी गणपतीशी बोलणं टाकलं होतं. आईने त्याला माझ्याविरुद्ध नवस केला होता. पोरीच्या डोक्यातलं मोटारींचं खूळ जाऊ दे, चांगलं स्थळ येऊ दे, चांदीच्या दूर्वा वाहीन. आणि मी त्याच गणपतीकडे शाळेपासून एकच मागत आले होते, की मला मोटारींची इंजिनिअर होऊ दे. एकाच घरातून दोन उलटे अर्ज गेले म्हटल्यावर तो कोणाचा मंजूर करणार? आई उपास करायची, मी करत नव्हते. माझं पारडं हलकं होतं हे मला कळत होतं, आणि त्याचा मला भयंकर राग येत होता.

बाबा फौजेत, गाड्यांच्या वर्कशॉपचे अधिकारी. आम्ही साताऱ्याकडची माणसं, साठ साल नुकतंच उलटलेलं असताना त्यांच्या बदलीमुळे जयपूरला आलो आणि तिथल्या सी-स्कीम नावाच्या वस्तीत भाड्याने राहू लागलो. रविवारी बाबा आमची जुनी मोटार उघडून बसत आणि मी शेजारी. प्लग साफ करणं, पट्टा ताणणं, इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखणं, हे सगळं त्यांनीच मला शिकवलं. पण इंजिनिअरिंगचं नाव काढताच तेच बाबा म्हणाले, घरच्या गाडीपुरतं ठीक आहे, वर्कशॉप ही मुलींची जागा नाही. कॉलेजने गुरुवारी मुलाखतीला बोलावलं होतं आणि वडिलांना बरोबर आणायला सांगितलं होतं. बाबांनी येणार नाही म्हणून सांगून टाकलं. मी जेवण सोडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. बाबा फौजी, ते कसले बधतात!

मुलाखतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी, मी घरात न सांगता सायकल काढली आणि मोती डुंगरीच्या गणपतीकडे निघाले. दर्शन वगैरे मनात नव्हतं. मला त्याला चार शब्द सुनवायचे होते, आणि त्यासाठी देऊळ रिकामं हवं होतं. गणपतीचा वार मंगळवार, हे आमच्या इतकं अंगात मुरलेलं की बुधवारी तिथे चिटपाखरू नसेल असं मी धरूनच चालले. जयपूरचा गणपती बुधवारचा असतो हे तिथे पोचल्यावर कळलं. मुंगीला वाट नव्हती. पण मीही हट्टाला पेटलेली. रेटारेटीत पुढे सरकले आणि सगळ्यांच्या देखत त्याला मराठीत खडसावलं, "तुला आईचं ऐकायचं असेल तर ऐक. बाबा नाही आले तरी मी उद्या जाणार, एकटी जाणार. तू मध्ये पडू नकोस." मागच्या बाई म्हणाल्या, "बहनजी, आगे बढ़ो." त्यांना वाटलं मी स्तोत्र म्हणतेय.

डोळे पुसत बाहेर आले. तिथे नव्या गाड्या पूजेसाठी ओळीने उभ्या असतात. जयपुरात नवी गाडी आधी गणेशजींना दाखवल्याशिवाय घरी नेत नाहीत. एका वयस्क शेठजींची काळी कोरी मोटार पुजाऱ्यासमोर उभी होती. बॉनेटवर शेंदराचं स्वस्तिक काढून झालं, चाकाखाली लिंबू ठेवून झालं. मग शेठजींना वाटलं, खरा जीव तर इंजिनात, त्याला कोरडं का ठेवावं? त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, नारळ फोडला आणि सगळं पाणी भक्तिभावाने इंजिनावर ओतलं. ड्रायव्हरने किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. गर्दीत कुजबुज सुरू झाली की हे लक्षण बरं नाही, देवाच्या दारात गाडी अडली. शेठजींचा चेहरा इतका पडला की मी माझा राग विसरले.

मी पुढे होऊन सांगितलं, प्लगांना ठिणगी वाटून देणारं जे काळं टोपण असतं त्यात पाणी गेलंय, पुसलं की चालेल. ड्रायव्हर हसला. एक गृहस्थ म्हणाले, नव्या गाडीला पोरीचा हात लावून आणखी अपशकुन कशाला? माझे कान तापले. उत्तर देणार तेवढ्यात त्यांची नजर माझ्या मागे गेली आणि ते अदबीने बाजूला झाले. मागे बाबा उभे होते, वर्दीतच. मी घरात नाही म्हणून आईने निरोप धाडला होता, आणि मला शोधताना देवळाबाहेर माझी सायकल दिसली म्हणून ते थांबले होते. लोक लगेच त्यांना म्हणू लागले, साहब, आप ही देखिए.

बाबांनी आत एकदा पाहिलं. त्यांना मिनिटाचं काम होतं. माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मैं नहीं देखूँगा," ते म्हणाले. "गाड़ी यही ठीक करेगी. मेरी बेटी है. इंजीनियरी पढ़ने जा रही है."

मी ओढणीने टोपण आतून-बाहेरून कोरडं केलं, तारा पुसल्या, सगळं जागच्या जागी बसवलं. किल्ली फिरली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. शेठजींनी माझ्या तेलाने काळ्या झालेल्या हातावर लाडू ठेवला आणि म्हणाले, गणेशजींनीच तुला पाठवलं. त्यांना काय सांगणार, मी तर त्यांच्या गणेशजींना दम देऊन आले होते! मग मात्र मला रडू आवरेना.

घरी आईने विचारलं, आता माझ्या नवसाचं काय? बाबा म्हणाले, ते तुझं आणि त्याचं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं, तुमची परवानगी आहे का? ते म्हणाले, मी फक्त सोबत आलोय. मला प्रवेश मिळाला. वर्गात मी एकटीच मुलगी होते, आणि पुढे नोकरीतही बरीच वर्षं एकटीच.

तो बुधवार कोणी घडवला यावर मी वाद घालत नाही. मला जे मिळालं त्याबद्दल मी त्या गणपतीची जन्मभराची ऋणी आहे. पण शरण कसं जायचं हे मला बाबांनी दाखवलं. जे त्यांना सहज जमत होतं, ते त्यांनी दुसऱ्यावर सोपवलं आणि ते बाजूला उभे राहिले. पुढे मी कितीतरी इंजिनं जुळवली. काम मनासारखं पुरं झालं की मीही हात पाठीमागे बांधते आणि पुढचं गणपतीवर सोडते. तोवर मात्र मी त्याचंसुद्धा ऐकून घेत नाही.