टपावरचं कुंकू

बाळांनो,

परवा तुम्ही तिकडच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातला फोटो पाठवलात. मी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला. फ्रान्समधली निळी म्हातारी बस, मागे शिडी, टपावर सामानाचा कठडा. आणि समोर, काचेच्या वर, ठसठशीत हळदकुंकू! खाली तुम्ही लिहिलं होतंत, "आजी, बसच्या मालकीणबाई म्हणतात हे जव्हारचं आहे. त्यांचे वडील शेवटपर्यंत दर वर्षी लावायचे. असं कसं?" कसं ते सांगणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून आजच लिहिते.

तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भावजी, यांना सारं जव्हार फ्रेंचभाऊ म्हणे. सरकारी कचेरीत कारकून, लग्न केलं नाही, नाशिकच्या पलीकडे कधी गेले नाहीत. आणि यांच्या कपाटात काय, तर फ्रान्समध्ये बनलेल्या जुन्या, ओतीव धातूच्या, वीतभर लांबीच्या खेळण्यातल्या बसगाड्या! पहिली निळी बस बोटीवर नोकरीला असलेल्या मामेभावाने मार्सेलच्या बंदरातून आणली आणि नाद लागला. असली खेळणी जमवणारे लोक ती मूळ खोक्यातून बाहेरसुद्धा काढत नाहीत. भावजींनी ती खोकी पाण्याच्या बंबात जळण म्हणून घातली. मी ओरडलेच. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, बस काय कोंडून ठेवायची वस्तू आहे?"

या नादातली दुसरी रीत म्हणजे खेळण्याची खरी जोडीदारीण शोधायची, जिच्यावरून ते बनवलं ती गाडी. भावजींची जोडीदारीण समुद्रापार. म्हणून ते निळी बस कापडी पिशवीत घालून एसटी स्टँडवर नेत आणि मोखाड्याहून येणाऱ्या गाडीशेजारी धरून बघत. "शिडी तीच, टप तोच. फक्त घाट वेगळा." टपावर त्यांनी फडक्याचं इवलंसं गाठोडं बांधलं होतं, आत खरी नागली, म्हणजे नाचणी. ते कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "रिकामा टप बघून वांगणी गावची माणसं हसतील."

दसऱ्याला स्टँडवर गाड्या धुऊन निघत, झेंडूचे हार चढत, नारळ फुटत. भावजी निळी बस मोठ्या गाडीच्या पुढ्यात ठेवत. मोठीला जे जे मिळे, ते धाकटीलाही मिळे: हार, अक्षता, ओलं कुंकू. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. गाडीची पूजा कोण करत नाही?

मग तुमच्या बाबाने त्या बसचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि फ्रान्सहून एका वृद्ध गृहस्थांचं उत्तर आलं. त्यांच्याकडे तीच बस होती. खरी, चालणारी! इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे आला. ते भारतात येणार होते. खेळणं फोटोत दिसतं तसंच निघालं, तर त्यांचं जुन्या गाड्यांचं मंडळ भावजींना बससकट प्रदर्शनाला बोलावणार आणि खऱ्या बसमध्ये बसवणार, असं ठरलं. भावजींनी पासपोर्ट काढला. रोज विचारत, "वहिनी, ड्रायव्हरच्या मागची सीट मागता येईल का हो? तसं लिहा ना."

पाहुणे दसऱ्याच्या आदल्या दिवशी आले. बस दोन्ही हातांत घेतली, उलटसुलट केली, रंग मूळचा आहे म्हणून हसले. मग त्यांनी ते गाठोडं अलगद बाजूला सरकवलं. फोटोत त्याच्याखाली झाकलेला भाग उघडा पडला. कुंकवाने वर्षानुवर्षं टपाचा रंग खाल्ला होता. चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

"हे कुणी केलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी मराठीत सांगितलं. भावजींचा चेहरा खुलला. "मी! दर दसऱ्याला. सांगा की त्यांना."

मी सांगितलं. पाहुणे खुर्चीत बसले. म्हणाले की अशी बस आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे, आणि ही प्रदर्शनात ठेवता येणार नाही. ते वाक्य मराठीत आणायला मला वेळ लागला. भावजींचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

"खराब केली म्हणतात का, वहिनी? मी?"

दुसऱ्या दिवशी तरीही ते पिशवी घेऊन निघाले. पाहुणेही आमच्याबरोबर आले. पोशेऱ्याचा एक ड्रायव्हर लांबूनच ओरडला, "काय भाऊ, पोरीला आनलंत का? आनि हे कोन, व्याही?" सगळे हसले. कुंकवाची वाटी पुढे आली. भावजींनी बोट बुडवलं, टपापर्यंत नेलं आणि ते तिथेच थांबलं.

"लावा ना भाऊ. सनाची कोरी ठेवता का तिला?"

भावजींनी बोट पँटला पुसलं. कुंकू, आणि पँटला! पाहुणे त्या लाल बोटाकडे आणि मग हार घातलेल्या मोठ्या गाडीकडे पाहत राहिले. दुपारी ते निघून गेले. नंतर मी पाठवलेल्या पत्राला त्यांचं उत्तर आलं नाही.

त्यानंतर भावजी दसऱ्याला स्टँडवर गेले नाहीत. "त्यांचं काही आलं का?" एवढं मात्र विचारत. मी नाही म्हणे. तसंच विचारत विचारत ते गेले. पासपोर्ट कोराच राहिला.

आणि आता हा फोटो! मी तो मोठा करून पाहिला. ते कुंकू एका दिवसाचं नाही. त्याच्या कडेने निळा रंग उडाला आहे, खालचा पत्रा दिसतो आहे. खेळण्याच्या रंगासाठी हळहळलेल्या माणसाने आपल्या खऱ्या बसचा रंग जाऊ दिला. आणि आम्हाला एका ओळीनेही कळवलं नाही. भावजींना हे कधीच कळलं नाही.

एक काम करा. मालकीणबाईंना विचारा, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर थोडा वेळ बसता येईल का.

इथली बस माझ्या काचेच्या कपाटात आहे. शिडी शाबूत आहे. गाठोड्यातली नागली आहे. टपावरचा डागही आहे.