ताबा आज रोजी दिला

हिंगणीचं भाड्याचं घर आम्ही ठरल्या तारखेला सोडलं. घरमालकाच्या मुलाचं लग्न होतं, त्यांना खोल्या हव्या होत्या. आईनं घर झाडून-पुसून किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. वेळेवर घर सोडलं, एवढंच आमचं चुकलं. बाकी सगळं कायदेशीर होतं.

सावंगीचं घर घेतलं ते बाबांसाठी. बाबा तलाठी होते. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. आठवड्यातून तीनदा व्यायामाला सावंगीच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. घर बघायला गेलो तेव्हा आईनं स्वयंपाकघरात डोकावूनही पाहिलं नाही. तिनं संडास पाहिला. समोरच्या खोलीला लागून, कमोडचा, बाजूच्या भिंतीत धरायला लोखंडी दांडा बसवलेला. घर विकणाऱ्या काकाजींनी तो आपल्या म्हाताऱ्या आईसाठी करून घेतला होता. म्हातारी गेली, दांडा राहिला. आईनं तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. हलला नाही. "हेच घ्या," ती म्हणाली.

बाबांना उकिडवं बसता येत नाही. आधार असला की ते स्वतःचं स्वतः करू शकतात, कोणाला आत बोलवावं लागत नाही. तेवढ्यासाठी आम्ही घर घेतलं. अंगण, गच्ची, जांभाचं झाड हे सगळं त्याच्यासोबत आलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी खरेदीखत बाबांनी स्वतः वाचलं, डाव्या हाताचं बोट ओळीवर फिरवत. त्यात एक वाक्य होतं: 'सदर मिळकतीचा रिकामा व प्रत्यक्ष ताबा आज रोजी खरेदीदारास दिला आहे.' बाबांचं बोट तिथे थांबलं. घरात तेव्हा काकाजींचे पलंग होते, कपाटं होती, गॅसवर बहुतेक दूधही होतं. काकाजी म्हणाले, "साहेब, पंधरा दिवस द्या फक्त. नागपूरले पोराच्या फ्लॅटची चाबी भेटली का निघालोच आमी."

बाबांनी मान हलवली आणि डावा अंगठा दिला.

आमच्याकडे असंच चालतं. ताबा आधी लिहून देतात, घर नंतर देतात. कागदावरच्या वाक्याला कोणी अडवत नाही, कारण अडवलं तर समोरच्यावर विश्वास नाही असा अर्थ होतो, आणि पेढे वाटायच्या दिवशी तसं दाखवणं बरं दिसत नाही. ज्या माणसानं जन्मभर कोणाच्या शेताचा ताबा कोणाकडे हे लिहिलं, त्यानं स्वतःच्या घराचं खोटं लिहून घेतलं. आणि मी शेजारीच उभी होते. वस्तीतल्या बायांच्या बैठकीत मी ओरडून सांगते, वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. आम्ही वाचून दिला. आईनं काकूंना साडीचोळी केली. काकूंनी पेढा दिला.

हिंगणीचं घर सुटलं होतं, म्हणून काकाजींनीच उपाय काढला. घराच्या मागे एक खोली होती. पूर्वी ते ती दवाखान्याच्या कॉलेजातल्या पोरांना भाड्यानं द्यायचे. "तोपर्यंत थितं राहा ना, तुमचंच घर हाय," ते म्हणाले. आम्ही राहिलो. खोलीचा संडास अंगणापलीकडे होता, दोन पायऱ्या चढून, साधा, खाली बसायचा. बाबांसाठी समोरच्या भागातून जावं लागायचं. स्वयंपाकघराचं दार, मग बोळ, बोळातच काकूंचा देव्हारा, आणि मग तो दांड्याचा संडास.

रोज सकाळी साडेसहाला मी दार वाजवायची.

"काकू, बाबांना न्यायचं होतं."

"आन ना बाई, आन. इचारतं काऊन?"

पण विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही, कारण कडी आतून असायची. पाहुणे असले की काकू म्हणायच्या, "दहा मिनिटं थांबजो, आंघोळी होऊन राह्यल्या." बाबा मग अंगणात खुर्चीवर बसून थांबायचे. त्यांचा चेहरा एका बाजूनं तसाही सरळ झाला होता, दुसरी बाजू ते स्वतः सरळ ठेवायचे.

बाबा परत आले की बोळाची फरशी ओली दिसायची. काकू पोछा मारायच्या. आम्ही बौद्ध, ते तिथले जुने शेतकरी, बोळात देव. मी त्या ओल्या फरशीकडे पाहायची आणि डोक्यात पत्रकाचं शीर्षक तयार व्हायचं. आई म्हणायची, "ते दिवसभर पुसतच राह्यते. तिले तेवढंच काम हाय." कदाचित खरं असेल. मी मोजलं नाही, आणि विचारलंही नाही.

पंधरा दिवस संपले तेव्हा पितृपक्ष लागला. पितृपक्षात कोणी नव्या घरी जात नाही. मग घट बसले, आणि बसलेला घट हलवत नाहीत. मग काकू म्हणाल्या, लक्ष्मीपूजन या घरात शेवटचं होऊ द्या. ते झालं. मग त्यांची मुलगी बाळंतपणाला आली. मला एकेक कारण कळत होतं. त्यातलं एकही मला खोटं म्हणता येत नव्हतं. राग येऊन येऊन एका जागी बसला, आणि मग तो आहे की नाही हेही समजेना.

मी ज्या संघटनेत काम करते तिथे पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. त्या हिवाळ्यात रुळालगतच्या झोपड्या हटवायच्या नोटिसा आल्या होत्या. मी लिहिलं होतं, राहत्या माणसाच्या डोक्यावरचं छप्पर काढणं हा गुन्हा आहे, कागद कोणाच्याही नावावर असो. चांगलं पत्रक होतं. एक दिवस काकाजी अंगणात ते हातात घेऊन उभे. वर्ध्याच्या बाजारात त्यांना कोणीतरी दिलं होतं.

"हे तूच लिहिलं ना व?"

"हो."

"मंग? कागद कोनाच्याही नावावर असो. आमी राहून राह्यलो ना इतं." ते हसत होते. वाईट हसणं नव्हतं. डाव जिंकल्यावर माणूस हसतो तसं.

"काकाजी, त्यांना जायला जागा नाही. तुमच्याकडे फ्लॅट आहे."

"फ्लॅट?" त्यांनी फोन काढला. "हे पाय. हा माह्या पोराचा फ्लॅट. चौथा माळा."

फोटोत खांब होते. भिंती नव्हत्या. चौथ्या मजल्याच्या जागी आभाळ होतं आणि वर आलेल्या सळ्या.

"बिल्डरनं पयल्या वर्सीच ताबा लिहून देल्ला," ते म्हणाले. "कागद हाय आपल्यापाशी. पक्का."

मी सळ्यांकडे पाहत राहिले. मग साडेपाच वाजले, बाबांची संध्याकाळची वेळ, आणि मी त्यांनाच विचारलं, "काकू आत आहेत का? बाबांना न्यायचं होतं."

"ने ना," ते म्हणाले.

पोलिसांकडेही गेले. मी एकटीच, आईला न सांगता. हवालदारांनी खरेदीखत पूर्ण वाचलं, हे मी मान्य करते. मग मला विचारलं, "मॅडम, याच्यात तर लिहून हाय का ताबा भेटला."

"लिहिलंय. मिळाला नाही."

"मंग तुमी राहता कुटी?"

"त्याच घरात. मागच्या खोलीत."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "म्हंजे तुमी घरातच राहून राह्यल्या. आन ते तुमच्या घरात पाहुने. पाहुन्याची तक्रार मी कोन्त्या कलमात लिहू? वकील करा. दिवानी मॅटर हाय." वकिलांनी दावा टाकता येईल म्हणून सांगितलं, आणि किती वर्षं लागतील हे विचारल्यावर चहा मागवला.

माघ महिन्यातल्या चतुर्थीला ते सगळे केळझरला गणपतीला गेले. मुलगी, बाळ, नागपूरचा मुलगा, गाडी करून. समोरच्या दाराला कुलूप, स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी. जाताना सांगायचं राहिलं असेल. बाळाचं सामान घेताना माणूस विसरतो. आमच्याकडे त्या घराची एकही किल्ली नव्हती. घर आमचं होऊन पाच महिने झाले होते.

दुपारी बाबांनी हात वर केला. त्यांची ती खूण होती. मी फोन लावला. काकाजी म्हणाले, "दर्शनाची लाईन हाय बाप्पा मोठी. दोन घंटे तं लागतेच." मी अंगणातला दगड उचलला आणि कुलपासमोर उभी राहिले.

आई घराच्या कडेनं आली. "ठेव."

"आपलं कुलूप आहे हे."

"आपलं नाई. घर आपलं हाय, कुलूप त्याईचं हाय. तोडलं का उद्या म्हनतीन, आमचं सोनं गेलं, देव बाटवले. मंग कोनाकोनाले सांगत फिरशीन?"

मी दगड ठेवला. आम्ही दोघींनी बाबांना अंगणापलीकडच्या संडासाच्या पायऱ्या चढवून पाहिल्या. पहिल्या पायरीवर त्यांचा पाय वळला. दुसरी चढायची गरज राहिली नाही. आईनं त्यांना तिथेच खुर्चीवर बसवून बादलीनं धुतलं. भर उन्हात, जांभाच्या झाडाखाली. मी साडी धरून आडोसा केला, तीन बाजूंनी होईल तेवढा. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. मीही नव्हते. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी कपडे वाळत घालत होतं, ते आत निघून गेलं. भलं माणूस असावं.

संध्याकाळी काकू प्रसाद घेऊन आल्या. "साहेबांले पयले द्या," म्हणाल्या. बाबांनी डाव्या हातानं लाडू घेतला आणि खाल्ला.

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. 'आमच्याच घरात आम्ही उपरे.' मला लिहिता येतं. सगळं क्रमानं घातलं: रजिस्ट्री, मागची खोली, सकाळची कडी, ओली फरशी, कुलूप, पायरी, बादली. कोणीही वाचलं असतं तर काकाजींच्या दारासमोर माणसं जमली असती. संघटनेतले सोबती छापायला तयार होते. सकाळी मी ते बाबांना वाचून दाखवलं, कारण त्यांची सवय होती. कुठलाही कागद पुढे जाण्याआधी ते ऐकायचे.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग तोंड जुळवायला बराच वेळ घेतला. तेव्हा त्यांचं एकेक वाक्य असंच यायचं, शब्दाशब्दानं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "माह्यं हागणं छापू नोको."

ते काढलं तर पत्रकात काय उरतं? घर विकलेल्यांनी घर उशिरा सोडलं. असं तर सगळीकडेच होतं. त्याला कोण जमणार? मी कागदाची घडी घातली आणि खरेदीखताच्या पिशवीत ठेवली. अजून तिथेच आहे.

त्यानंतरचे महिने मला फारसे आठवत नाहीत. साडेसहा, साडेपाच. साडेसहा, साडेपाच. दार वाजवायचं, विचारायचं, थांबायचं. बाबा आता मी उठायच्या आधीच म्हणायचे, "इचारून ये." घाई होत असली तरी. कडी उघडी दिसत असली तरी. झोपड्यांच्या मोर्चात मी घोषणा देत होते आणि आवाज माझाच आहे का असं वाटायचं.

अक्षय तृतीयेनंतर ते गेले. मी काही केलं म्हणून नाही. मुलानं नागपुरात भाड्याचं घर पाहिलं, फ्लॅटच्या खांबांना अजून भिंती नव्हत्या. ट्रकमध्ये पलंग चढले, कपाटं चढली, पडद्यांच्या दांड्या आणि बल्बही चढले. संडासातला दांडा काकाजींनी ठेवला. "साहेबांले लागते," म्हणाले. सगळे गाडीत बसल्यावर काकू परत उतरल्या. बादली मागितली, आमचीच. सगळं घर त्यांनी पुसून काढलं, समोरच्या खोलीपासून बोळापर्यंत, गुडघ्यावर बसून. रिकामं घर तसंच देऊ नये म्हणाल्या. मी दारात उभी राहून त्यांची पाठ पाहत होते. सगळा हिवाळा ज्या फरशीवरून मी त्यांना मनात शिव्या दिल्या, ती आता पूर्ण ओली होती, आणि मला त्यातून काहीच काढता येईना.

जाताना आईच्या गळ्यात पडून रडल्या. आईही रडली. काकाजींनी तीन किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "घे व लेखिका. ताबा."

बाबांचा पलंग आम्ही समोरच्या खोलीत लावला. तिथून संडासाचं दार सहा पावलांवर. मधे काहीच नाही, कडी नाही, देव्हारा नाही. देव्हाऱ्याच्या जागी भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी हात वर केला. मी आधाराला गेले. ते उठले नाहीत. डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"इचारून ये," ते म्हणाले.

"बाबा, ते गेले. आपलं घर आहे."

"हो," ते म्हणाले. त्यांना कळलं होतं. त्यांनी मान हलवली, किल्ल्या कुठे आहेत तेही विचारलं. मग तसेच बसून राहिले, पलंगाच्या कडेवर, आणि त्यांचं कपाळ घामानं भरायला लागलं.

"इचारून ये, बेटा."

मी उठले. बोळातून मागे गेले, स्वयंपाकघराचं दार उघडलं, अंगणात पाहिलं. जांभाच्या झाडाखाली बादली उपडी होती. थोडी थांबले, नेहमी थांबायची तेवढी. मग परत आले.

"या म्हणाल्या," मी सांगितलं.

बाबा उठले.

अजूनही रोज जाते. सकाळी साडेसहाला, संध्याकाळी साडेपाचला.