मिरचीच्या गोणीचं चिलखत

नववीत असताना मी एका मुलीला चिलखत करून दिलं. एवढं मन लावून दुसरं कुठलंच वाईट काम मी केलेलं नाही.

स्नेहसंमेलनात किल्ला लढवणाऱ्या राणीचं नाटक होतं. तापीकाठी आमची मिरचीची शेती, सारंगखेड्याच्या रस्त्यावर वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, वक्तृत्वाची बक्षिसं दरवर्षी माझीच. राणी मीच होणार, हे मी धरून चालले होते. बाईंनी राणी केलं धडगावकडच्या मुलीला. ती वसतिगृहात राहायची, घरी पावरी बोलायची, मराठी शाळेत येऊन शिकलेली. पण संवाद म्हणायला लागली की मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची. मला बाई म्हणाल्या, ''तुझ्या वडिलांचं दुकान आहे ना, मग चिलखत तू कर.'' आगीत तेलच ओतलं त्यांनी.

मग मी केलं. नटबोल्टचे मोठे वायसर कौलांसारखे एकावर एक ठेवून बारीक तारेने गोणपाटावर शिवले. तलवार उचलताना हात अडू नये म्हणून खांद्यांना खिडकीच्या बिजागऱ्या लावल्या. मनगटांसाठी पाइप उभा चिरला, डोक्यावर पत्र्याचं नरसाळं उलटं बसवलं आणि सगळ्याला चंदेरी रंग मारला. वडील म्हणाले, ''हाई ते खरंच वाटी ऱ्हायनं!''

गोणपाट मात्र मी निवडून घेतलं. घरात गव्हाच्या गोण्या होत्या, मी मिरचीची घेतली. ती कितीही धुतली तरी जवळ गेलं की ठसका लागतो. आईने लगेच ओळखलं. ''ती गोणी मिरचीनी शे, आंगनी आग हुई जाई.''

''आतून जुनी साडी लावसू ना,'' मी म्हटलं.

साडी लावली, फक्त गळ्यापाशी. बाई कॉलर उलटून बघतील, आत कशाला हात घालतील? शिवताना मी दुकानातले रबरी हातमोजे घातले होते.

पहिला प्रयोग विद्यार्थ्यांसाठी होता, भर दुपारी, मंडपात. गणवेश खालून दिसतो म्हणून बाईंनी तिला आत नुसती पातळ शमीज घालायला लावली होती. पाच मिनिटांत तिला घाम फुटला. मी पडद्याआड उभी राहून वाट बघत होते. आता खाजवेल, आता पळेल, मग बाई मला शोधत येतील. संवाद तर मला सगळे पाठ होते. तिचा चेहरा लाल झाला, डोळ्यांना धार लागली, पण ती जागची हलली नाही. राणीचा मुलगा मारला जातो तो प्रवेश आला आणि अख्खा मंडप तिच्याबरोबर रडायला लागला. बाईसुद्धा. माझा नुसता जळफळाट झाला.

नंतर वर्गात मी तिच्या पाठीवरच्या तारा सोडवल्या. खांद्यांपासून कमरेपर्यंत लालभडक चट्टे उठले होते. खरं सांगते, मला बरं वाटलं.

ती वळून म्हणाली, ''तुझे हात दाखव.''

दाखवले. स्वच्छ होते.

''माझी आई हंगामात तुमच्याकडे मिरचीचे देठ खुडायला येते. घरी आली की हात पाण्यात बुडवून बसते. तू अख्खी गोणी शिवलीस आणि तुला काहीच झालं नाही?''

तिने ओरडावं, बाईंकडे जावं, असं मला वाटत होतं. मग मला खोटं तरी बोलता आलं असतं. तिने चिलखत दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

''उद्या पालकांसमोर आहे. मला ताप आलाय, असं बाईंना सांगते. तू हो राणी. घाल.''

दोन महिने मला याशिवाय दुसरं काही नको होतं. मी हात पाठीमागे घेतले.

दुसऱ्या दिवशी तिनेच ते घातलं, आत वसतिगृहाची चादर गुंडाळून. अस्तर लावायला माझ्याकडे अख्खी संध्याकाळ होती, आईची जुनी साडीही होती. पण हातमोजे दुकानात राहिले होते.