चौरंगावरच्या वहाणा

एरंडेल चोपडलेल्या कातड्याचा वास आला की मी आजही ओशाळतो. पस्तीस सालच्या चातुर्मासातली गोष्ट. पंचवटीत आमचं तांब्याची भांडी घडवण्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकासमोर मी दादाच्या घागरीला वाकडी म्हणालो आणि दादा, माझा थोरला भाऊ, तडक निफाडला मामाकडे निघून गेला. एकट्याच्या हातोडीनं दुकान चालेना आणि माफी मागायला जीभ रेटेना. त्यात शेजारच्या देवळात पुराणिकबुवांच्या पोथीत तो धाकटा भाऊ आला, थोरल्याच्या पादुका सिंहासनावर ठेवून राज्य चालवणारा. मला हुंदकाच फुटला. पोथी अर्धी सोडून घरी धावलो, तर ओटीवर वहाणांचा जोड! दादाचाच असणार. चौरंगावर मांडला, वर हळदकुंकू, झेंडूचा ढीग, रोज एरंडेल. आळी दर्शनाला लोटली. बुवाही अनवाणी येऊन रोज हात जोडत. बातमी निफाडला पोचली आणि आठव्या दिवशी दादा दारात उभा, डोळे भरलेले. त्यानं फुलं सारून वहाणा पाहिल्या, मग स्वतःचे पाय. "अरे येड्या, मी काय अनवाणी गेलो होतो?" मागून बुवा ओरडले, "ह्या तर माझ्या! पोथीला बसताना तुमच्या ओटीवर काढल्या होत्या, मला वाटलं चोरीला गेल्या! आठ दिवस मी माझ्याच वहाणांना नमस्कार करतोय?" दादा हसत होता की रडत होता, मला कळेना. मग त्यानं हातोडी उचलली. "आण ती घागर." दादाला पोथीनं परत आणलं की माझ्या गाढवपणानं, हे मला अजून उमगलेलं नाही. घागर मात्र वाकडीच राहिली. दादाला ते मी पुन्हा कधी सांगितलं नाही.