निरोगी क्रमांक एक

पाम गावच्या अण्णांना खांद्यावर हंडा घेऊन विहिरीवरून येताना पाहिलं की बायका पदराआड हसायच्या. चिकूची भरली वाडी असलेला बाप्या माणूस पाणी भरतो! अण्णांना त्याचं काही वाटायचं नाही. राग मला यायचा, आणि तोही बायकांचा नव्हे, एका कागदाचा.

कागद त्यांच्या मुलीचा, जमुनेचा. ती अकरा वर्षांची असताना शाळेच्या तपासणीत कुणा डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि लिहून दिलं, 'हृदयात आवाज. जपावे.' झालं! आईविना वाढलेली पोर. अण्णांनी ती अशी जपली की हंडा बंद, खेळणं बंद, पुढं शाळाही बंद. मुंबईला नेऊन दाखवा म्हणून मी, आरोग्य केंद्राचा कंपाउंडर, घसा कोरडा केला. पण मोठा डॉक्टर काहीतरी वाईट सांगेल या भीतीनंच अण्णा गळाठायचे. बघायला आलेले पाहुणे 'आवाज' म्हटल्यावर चहा न घेता उठले. एकोणिसाव्या वर्षी जमुना मला म्हणाली, "काका, मी जगनार हाय का नाय, येवडं कुनीतरी एकदा सांगा." मला माझीच फार लाज वाटली.

अठ्ठ्याऐंशी साली मुंबईच्या डॉक्टर विजयाबाई टू-डी एकोचं मशीन घेऊन बोईसरच्या शाळेत आल्या. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत, महाधमनीत, रक्त किती वेगानं वाहतं ते हे मशीन मोजायचं. पण निरोगी माणसात तो वेग किती असतो, हे आपल्याकडच्या माणसांवरून ठरवायचं होतं. "चाळीस धडधाकट माणसं आणा," बाईंनी मला बजावलं. मी गावोगाव सांगत फिरलो.

रविवारी सुका ड्रायव्हरचा टेंपो भरून आला. त्यात दमेकरी, खोकणारे, काठी टेकणारे!

"अरे, धडधाकट म्हणालो होतो ना?" मी ओरडलो.

"ती भाताच्या झोडनीला गेलीत," सुका शांतपणे म्हणाला. "आनि चांगल्या मानसाचं डॉक्टरकडं काय काम? ज्यांना गरज, त्यांना आनलंय."

विजयाबाईंनी कपाळाला हात लावला, पण एकालाही परत पाठवलं नाही. टेंपोत शेवटी अण्णा आणि जमुना होते. एकट्यानं न्यायची छाती झाली नव्हती. सगळा गाव निघाला म्हणून तेही निघाले.

बाईंनी जमुनेच्या छातीवर गार जेली लावून मशीनचा दांडा टेकवला. हृदयातले पडदे, झडपा बराच वेळ पाहिल्या. मग बटण दाबलं आणि खोलीभर सूं-सूं, सूं-सूं घुमू लागलं. अण्णांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "त्योच! त्योच आवाज, बाई!"

बाई हसल्या नाहीत. "अण्णा, तुम्ही झोपा." तोच दांडा त्यांनी अण्णांच्या छातीवर टेकवला. सूं-सूं, सूं-सूं.

"म्हंजे मला पन?"

"वाडीत पाटाला पाणी सोडलं की आवाज येतो ना? पाट फुटलेला असतो का?"

"नाय. पानी वाहातंय म्हनून येतो."

"तसंच हे. पोरगी अंगानं बारीक, म्हणून नळीतून ऐकू आलं. भोक नाही, दोष नाही, वेग अगदी हवा तसा." त्यांनी कोरा तक्ता ओढला, जमुनेचं नाव लिहिलं आणि पुढं 'निरोगी, क्रमांक एक' असं घातलं. उरलेले एकोणचाळीस झोडणी संपल्यावर मिळाले.

जमुना त्या कागदाकडे बघत राहिली. रडले ते अण्णा, आणि खोटं कशाला बोलू, मीही.

संध्याकाळी मी त्यांना पामला सोडायला गेलो. विहिरीवर जमुनेनं अण्णांच्या हातून हंडा काढून घेतला, भरला आणि डोक्यावर चढवला. मोकळ्या हातांचं काय करावं ते अण्णांना कळेना. बांधापाशी ती थांबली तसे ते धावत सुटले.

"दमलीस?"

"नाय वो, अण्णा. तुमी मागं राह्यलात."