पुढे कोणी व्हायचं

‘खांब’ या टोपणनावाचा सायकलपटू देशभर गाजला तो वेगामुळे, असं पेपरवाले लिहीत. त्यांनी तसं लिहायलाच हवं, कारण ‘पठ्ठ्या जागेवर उभा राहिला आणि जिंकला’ असं छापून पेपर खपत नाही. सायकलची स्प्रिंट शर्यत हा मोठा गमतीचा मामला आहे. वाडग्यासारखा कडेने चढत गेलेला लाकडी ट्रॅक, त्यावर दोनच सायकली, आणि त्यांना ब्रेक नाहीत. पुढचा वारा फोडत जातो, मागचा त्याच्या आडोशाला दम राखून बसतो आणि शेवटी त्यालाच मागे टाकतो. त्यामुळे पुढे जायला दोघांचाही ठाम नकार. मग दोघे उतारावर सायकली थोपवून, पाय न टेकता, एकमेकांवर डोळा ठेवून उभेच राहतात. जो आधी हलला तो मेला.

खांब कधीच आधी हलला नाही. या एका गुणावर त्याने पाच वेळा अजिंक्यपद मिळवलं, शिवाय पाणीपुरवठा खात्यात नोकरी. तिथे तर न हलण्याचा गुण इतका शोभून दिसला की साहेबांनी बढती दिली.

ही विद्या त्याला शिकवली दादाने. दादा स्वतः पट्टीचा सायकलपटू. धाकटा नवखा होता तेव्हा सुरुवातीच्या रेषेवर दादा त्याची सीट धरून उभा राहायचा आणि हा भावी अजिंक्यवीर मागे वळून ‘दादा, सोडू नको’ म्हणून जीव खायचा. पुढे एका वर्षी फायनलला हेच दोघे समोरासमोर आले. दादाचं ते शेवटचं वर्ष होतं, गुडघे कुरकुरायला लागले होते. आदल्या संध्याकाळी चेन पुसता पुसता दादा म्हणाला, “उद्याची मला हवी आहे.”

“बघू,” खांब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघे उतारावर असे थांबले की पंचाला जांभई आली. शेवटी दादाचा गुडघा थरथरला, तो हलला, आणि खांबाने त्याच्याच आडोशाने येऊन त्याला चाकभराने हरवलं. दादा पदक न घेता घरी गेला. तेव्हापासून अबोला.

साधी माणसं महिना-दोन महिने तोंड फुगवून बसतात, मग कोणाला तरी कंटाळा येतो आणि प्रकरण मिटतं. पण इथे दोघेही त्या विद्येत पारंगत. आधी बोलणार कोण? वर्षांमागून वर्षं गेली. खांबानेही सायकल माळ्यावर टाकली. आईकडे दोघे वेगवेगळ्या वेळी जात, आणि रस्त्यात समोरासमोर आलेच तर दोघांच्याही बुटांचे बंद एकदम सुटत. आपण धाकटे, आपणच बोलायला हवं, हे खांबाला कळत होतं. दादाची आठवण रोज यायची, आणि ती आली की जेवण गोड लागायचं नाही. तरी तो आपल्या जागी उभाच.

एके दिवशी तो आईकडे बसला असताना वहिनी आली. “उद्या सकाळी यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे,” ती म्हणाली. “त्यात हृदयाचंही काहीतरी निघालंय. भूल देण्यात धोका आहे म्हणतात डॉक्टर.”

आईने शिलाई मशीन थांबवलं. “काय रे, तुमच्या शर्यतीत सुरुवातीला पुढे कोणी राहायचं ते कसं ठरवता?”

“चिठ्ठ्या टाकून.”

आईने बटणांच्या डब्यातून एक काळं आणि एक पांढरं बटण काढून पिशवीत टाकलं. काळं येईल त्याने पुढे व्हायचं. वहिनीने दादाच्या वतीने हात घातला. पांढरं निघालं.

“पण आई, मी म्हणतो…”

“पंचाशी वाद घालायचा नाही.”

सकाळी खांब दवाखान्यात गेला. कॉरिडॉरमध्ये एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे, पुन्हा मागे वळून बघत, असा तो निघाला. “साहेब, जायचं तर जा, फरशी पुसायची आहे,” झाडूवाल्या मावशी म्हणाल्या. खोलीत दादा चाकाच्या खुर्चीत तयार बसला होता. दोघांची नजर भिडली, दोघांच्या माना तिरक्या झाल्या, आणि दोघेही थांबले. सवयीला औषध नाही.

“ऑपरेशनला न्यायचंय,” नर्स आली. खांबाने खुर्ची मागून धरली आणि ढकलू लागला. तिथेही साहेब मागेच. पण काळं बटण खिशात होतं.

“दादा, मी चुकलो. ती शर्यत तुला द्यायला हवी होती.”

“वेडा आहेस का? दिली असतीस तर तुझं तोंड पाहिलं नसतं.”

“मग इतकी वर्षं कशाला?”

“राग आठवड्यात गेला होता. म्हटलं, हा कधीतरी हलेल.” दादा हसला. “हललास. जिंकलो मी.”

खांबाला हसूही येईना. तोवर दार आलं.

“इथून पुढे मी नेते,” नर्स म्हणाली. दादाचा हात मागे आला आणि खांबाच्या मनगटावर घट्ट बसला.

“सोडू नको रे,” दादा म्हणाला.

नर्सने हळूच तो हात सोडवला. दार लागलं. उभं राहण्यात पाच वेळा अजिंक्य ठरलेला तो माणूस भिंतीजवळच्या बाकावर बसून रडला.